त्रिनिदादचा बेत

धर्मगुरूने सुट्टीवर जावे हे आमच्या लोकांना मान्य असते. मात्र ती सुट्टी लुर्द, फातिमा किंवा जेरुसलेमच्या दिशेने जावी, अशी त्यांची अपेक्षा असते. आमच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे झाली म्हणून धर्मग्रामाने वर्गणी काढली, महागुरूंनी तीन आठवड्यांची रजा देऊ केली आणि आम्ही त्रिनिदादचे नाव घेतले. सभेत क्षणभर शांतता पसरली. एका आजीबाईंनी विचारले, "फादर, तिथं कोणती माता प्रकट झाली?" त्यावर एका तरुणाने ते नाचगाण्याचे बेट असल्याची माहिती पुरवली आणि आमची बाजू अधिकच लंगडी केली.

तरुणाचे काही खोटे नव्हते. भस्म बुधवारापूर्वीच्या सोमवारी आणि मंगळवारी ते सारे बेट रस्त्यावर उतरते. गोव्याच्या कार्निव्हलशी त्याचे नाते आहेच, परंतु त्रिनिदादचा कार्निव्हल हा गुलामांच्या नातवंडांनी आपलासा केलेला सण आहे. १७८३ साली स्पेनच्या राजाने तेथे वसाहतीसाठी परकीयांना जमिनी देऊ केल्या. मुख्य अट अशी, येणारा कॅथलिक असावा. फ्रेंच मळेवाले आले, येताना आपले गुलाम आणि आपले मुखवट्यांचे नाच घेऊन आले. पुढे गुलाम मुक्त झाले आणि सण त्यांच्या हाती गेला. इंग्रज सरकारने त्यांच्या ढोलांवर बंदी घातली, तेव्हा त्यांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. बांबूनंतर बिस्किटांचे डबे आले आणि शेवटी तेलाची टाकून दिलेली पिंपे. त्या पिंपांच्या पत्र्यातून त्यांनी सूर काढले. आमच्या तांड्यावरील होळीत बंजारा बांधवांची लेंगी रात्रभर चालते, ती ऐकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परंतु कार्निव्हल आमच्या नशिबी नाही. त्रिनिदादचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे. तेथे मंगळवारच्या मध्यरात्री ढोल थांबतात, तेव्हा वाशिमला बुधवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि आमच्या लोकांच्या कपाळी राख लागून गेलेली असते. ती राख लावण्यास आम्ही येथेच असले पाहिजे.

आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्यापाशी होते. बेटाच्या दक्षिण भागात सिपारिया नावाचे गाव आहे. तेथील चर्चमध्ये 'ला दिव्हिना पास्तोरा', म्हणजे दिव्य मेंढपाळीण, या नावाने मरियामातेची सावळ्या वर्णाची एक मूर्ती आहे. मेंढपाळिणीच्या रूपातील मरियेची ही भक्ती स्पेनमधील सेव्हिल येथे १७०३ साली एका कॅप्युचिन धर्मगुरूने सुरू केली. कॅथलिक तिचा सण पुनरुत्थानाच्या रविवारानंतरच्या दुसऱ्या रविवारी करतात. पवित्र गुरुवारची रात्र आणि उत्तम शुक्रवार हे दिवस मात्र तेथील हिंदूंचे. ते तिला 'सिपारी माई' म्हणतात. तांदूळ, तेल, फुले वाहतात आणि लहान मुलांचे पहिले जावळ तिच्या दारी काढतात.

हे हिंदू तेथे कसे पोहोचले, याची कथा आमच्या जिल्ह्याला परकी वाटू नये. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन त्रिनिदादला लागले. पुढे १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे गेली. पाच वर्षांचा करार, त्याचेच 'गिरमिट' झाले. काम उसाच्या मळ्यावर. कोलंबसाने १४९८ साली पवित्र त्रैक्याच्या स्मरणार्थ ठेवलेले नाव या लोकांच्या कानी 'चिनीदाद' असे पडले, म्हणजे साखरेचा मुलूख. आपली मराठी माणसे गिरमिटावर गेली ती प्रामुख्याने मॉरिशसला, मुंबई बंदरातून. त्रिनिदादकडे गेली ती बहुतांश गंगेच्या खोऱ्यातील माणसे. म्हणून नात्याचा धागा रक्ताचा नाही, उसाचा आहे. आमच्या भागातील काही तांड्यांवरून दिवाळीनंतर ट्रक भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल फिटेपर्यंत घरची वाट बंद. या माणसांत आमच्या धर्मग्रामातील काही घरेही आहेत. गिरमिट गेले असे इतिहासाच्या पुस्तकात आम्ही शिकलो. मुकादमाची वही पाहिली की त्या पानाविषयी शंका येते.

(क्रिकेटचा उल्लेख टाळला तर आमचे तरुण वाचक रुसतील. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवले ते याच त्रिनिदादच्या मैदानावर. त्या सामन्यात शतक मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे, आणि गावसकरांचे ते पदार्पण.)

नकाशावर बोट ठेवले तर त्रिनिदाद वाशिम जिल्ह्याहून किंचित लहान आहे. २०११ च्या जनगणनेत आमची लोकसंख्या बारा लाखांहून थोडी कमी भरली, त्यांची थोडी अधिक. एवढ्याशा भूमीत एकाच मूर्तीसमोर दोन धर्मांची माणसे आपापल्या नावाने हाक मारतात, हे आम्हास पाहावयाचे आहे. आमच्याच जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर एकाच धर्माच्या दोन पंथांतील वादापायी १९८१ पासून बंद होते. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली उघडले. देव एक असला तरी किल्ल्या अनेकांकडे असतात.

आणि प्रश्न आमच्या दाराशीही येतो. तांड्यावरील माउली तापाने फणफणलेले लेकरू घेऊन येते, मरियामातेसमोर नारळ ठेवते आणि म्हणते, "बापू, याच्या डोक्यावर हात ठेवा." बाप्तिस्मा तिला नको असतो, तिने तो मागितलेलाही नसतो. आम्ही हात ठेवतो. परंतु त्या वेळी उच्चारावयाचे शब्द गुरुविद्यालयात शिकवलेल्या कोणत्याच विधीत पुरते बसत नाहीत. क्रुसाची खूण मोठ्याने करावी की मनात, येथून अडखळण्यास सुरुवात होते. सिपारियाच्या धर्मगुरूपुढे तर पवित्र गुरुवारी अशा मातांची रांग लागत असेल. त्याच रात्री बारा जणांचे पाय धुवून तो त्या रांगेकडे वळतो, तेव्हा काय म्हणतो? आमच्या सुट्टीचे खरे प्रयोजन एवढेच आहे.

अडचण अशी की ती रात्रही आमची नव्हे. कोणत्याही धर्मगुरूने पवित्र सप्ताहात आपली वेदी सोडू नये. राहिला तो पुनरुत्थानानंतरच्या दुसऱ्या रविवारचा सण. परंतु नेमके तेव्हाच ऊसतोडीला गेलेली घरे परततात. उपवासकाळात थांबलेली लग्ने, वर्षभराचे बाप्तिस्मे, परगावी कुणी गेले असेल तर त्याची मिस्सा, हे सारे त्याच आठवड्यांत. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्याच लग्नाला धर्मगुरू बेटावर, हे कसे शोभावे?

तोड आजीबाईंनीच काढली. शेजारच्या धर्मग्रामातील तरुण फादरांना त्यांनी परस्पर गाठले आणि दोन रविवारांची हमी घेऊन आल्या. लग्ने आमच्या निघण्यापूर्वीच्या आठवड्यात उरकावयाची, असा ठराव बायकांच्या सभेत झाला. नवरदेवांना कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आता पीतज्वराची लस टोचून घ्यावयाची आहे. त्रिनिदादहून परतणाऱ्या प्रवाशाकडे तिचे प्रमाणपत्र आपले सरकार मागते आणि ती प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. वाशिमहून रेल्वेने अकोला, तेथून मुंबई, पुढे विमान. सिपारियाच्या धर्मगुरूंना आम्ही पत्र घातले आहे. त्यात आमचा प्रश्न सविस्तर लिहिला असून गुरुवारच्या रात्री जमेल तेवढे टिपून ठेवण्याची विनंती केली आहे. आजीबाईंनी एक नारळ आणून दिला आहे. तो तिकडे नेऊ देतात की नाही, याची चौकशी चालू आहे.