दगडावरचे फळ

आमच्या आईने आपण होऊन काही मागितले, याला किती वर्षे झाली असतील ते मला सांगता येणार नाही. लहानपणी मागणारे आम्ही आणि देणारी ती, असा सरळ हिशेब होता. पुढे तो उलटा व्हायला हवा होता. पण तिला मागण्याची सवयच लागली नाही. म्हणून गेल्या फाल्गुनात, तापातून उठून पंधरा दिवस पेजेवर काढलेली माझी ८४ वर्षांची आई एका संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "शिनाणे गावले तर खायन," तेव्हा मला प्रथम वाटले की ती झोपेत बोलते आहे.

घाटावरच्या वाचकांना शिनाणे म्हणजे काय ते सांगायला हवे. बोटभर लांबीची, हिरवट कडेची शिंपली ही. तिसऱ्या आणि खुबे वाळूत, चिखलात पुरून घेतात. कालव खडकाला असे बसते, की तो खडकाचाच टवका वाटावा. शिनाणे मात्र दगडाला धरून राहतात. त्यांच्या पोटातून चिवट तंतूंचा एक झुबका निघतो आणि त्याच्या बळावर ते लाटांचा मारा खात कातळ सोडत नाहीत. लिनिअस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली त्यांचे लॅटिन नामकरण केले, त्यात 'हिरवा' एवढेच सांगितले. आमच्या शेजारच्या मल्याळी बाई त्यांना 'कल्लुम्मक्काया' म्हणतात. म्हणजे दगडावरचे फळ. स्वीडिश पंडितापेक्षा मला तो पहिला अनाम केरळी माणूस अधिक रसिक वाटतो.

मुंबईच्या मासळीबाजारात काय मिळत नाही, अशा ऐटीत मी पिशवी घेऊन निघालो. दोन दिवस नन्ना ऐकला आणि तिसऱ्या दिवशी शिनाणे मिळाले. चांगले भरलेले, टपोरे. घरी कांदाखोबऱ्याचे वाटप लावून सुके झाले. आईने एक तोंडात घातला, हळूच बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "हे दगडावरचे न्हय."

आता खरे सांगायचे तर मला त्यात काही उणे दिसले नव्हते. केरळात १९९० नंतरच्या दशकात खाड्यांतून दोर सोडून शिनाण्यांची शेती सुरू झाली; तिथले असावेत बहुधा. दोरांवरचे शिनाणे पाण्यात सदैव बुडालेले असतात, त्यांना खायला मुबलक मिळते, ते भराभर वाढतात. अनेक गरीब बायांचे संसार त्यावर चालतात, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण माझा अधिकार कोण विचारतो? ताटाच्या कडेला तो एक शिनाणा तसाच पडून होता.

"शिंपल्यांसाठी ५०० किलोमीटर?" सौभाग्यवतींनी विचारले. तीन दिवसांची रजा काढून मी गाडीत बसलो.

आमचे गाव वेंगुर्ले आणि शिरोडे यांच्यामध्ये. घराला कुलूप असते. किल्ली शेजारच्या काकीकडे. काकी सत्तरी ओलांडलेली, सुपारीसारखी टणक. तिच्या हाताची आणि कातळाची ओळख ती परकरात असल्यापासूनची. मी मोठ्या उत्साहाने आईचा निरोप सांगितला. काकीने ओटीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "अरे, आज अष्टमी. भांगाच्या दिसांत कातळ उघडो पडता काय? अमाशे झाल्यावर बघुया."

रेल्वेचे वेळापत्रक पाहून निघालेल्या माणसाला पंचांगाने दिलेली ही थप्पड होती. समुद्रावर वाढलेला मी, आणि विसरलो होतो, की अष्टमीच्या सुमारास भरतीही आळसावते आणि ओहोटीही. शिनाणे राहतात कातळाच्या तळच्या अंगाला. तो भाग उघडा पडायचा तर अमावास्येचे नाही तर पौर्णिमेचे उधाण हवे. तेव्हाच पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत लांब हटते. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, तेवढेच आपल्या हाती. बाकी सारे चंद्राच्या हाती.

मी रजा वाढवली. रोज संध्याकाळी घरी फोन करी. आईने दोन चमचे पेज घेतली; आईने पेज परत केली; आई विचारते आहे, अमाशेक किती दिवस? मुंबईत राहून तिने तिथीचा हिशेब बरोबर ठेवला होता.

अमावास्या गेली. दुसऱ्या दिवशी पाडवा. सणाच्या दिवशी काकी शिंपलीला हात लावणार नव्हती. द्वितीयेला उन्हे कलल्यावर आम्ही निघालो. काकीने लुगड्याचा काष्टा घट्ट मारला होता, कमरेला पाटी, हातात मोडक्या कोयत्याचे बोथट पाते. बंदराच्या बाजूचा कातळ आधी लागतो. तिथे घोसच्या घोस दिसले आणि मी वाकलो. "थंयचे नुको," काकी न थांबता म्हणाली. "गावाचा पाणी पितत ते." वस्तीचे गटार तिथे समुद्राला मिळते. शिनाणा दिवसभर पाणी गाळून त्यातला आपला घास काढून घेतो. पाण्यात असेल ते त्याच्या अंगात उतरते. काकीने हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

टोकाचा कातळ उघडा पडला होता. ओला, काळा, आणि त्यावर हिरवट जांभळ्या शिनाण्यांची दाट वस्ती. पाणी मागे सरते तेव्हा तिथे एक बारीक चरचर ऐकू येते; तशी मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. काकीने पहिला नियम सांगितला, की दर्याला पाठ दाखवायची नाही. दुसरा नियम मला मोडल्यावर कळला. मी दोन्ही हातांनी एक घोस ओढला. तो येईना. मग सारे बळ लावले, तेव्हा बोट कापले आणि घोस हातात आला. त्यात मोठे चार आणि नखाएवढे वीसपंचवीस.

"बारके कित्याक काढलंस?"

"आपोआप आले, काकी."

"आपोआप काय येना नाय." तिने ते सगळे माझ्या हातून घेतले, एकेक करून ओल्या कपारीत दाबून बसवले. "धरतत परत. तेंका येळ होयो."

मला ही समजूत वाटली होती. पण ते खरे आहे. सुटलेला शिनाणा लाटेने वाहून नेला नाही तर नवे तंतू काढून पुन्हा दगड धरतो. काकी स्वतः घोसाच्या मुळाशी पाते घालून मोठे तेवढे सोडवी आणि उरलेला घोस जागच्या जागी राही. एक पट्टा घेतला की शेजारचा सोडायचा. का, तर तिथले मागच्या अमावास्येला काढले होते. असा तिच्या डोक्यात त्या कातळाचा सातबारा होता.

पलीकडच्या अंगाला कातळ नुसता खरवडलेला दिसला. हॉटेलांना माल पुरवणारे आता पहारी घेऊन येतात आणि लहानमोठे सगळे पोत्यात भरून नेतात. काकीने तिकडे हात केला आणि काही बोलली नाही. मीही गप्प राहिलो, कारण गोव्याच्या हॉटेलात रव्यात घोळून तळलेले शिनाणे मी चवीने खाल्ले होते आणि ते कुठल्या कातळाचे, हे विचारले नव्हते.

पाटी अर्धी भरली तशी काकी उठली. पाणी फिरले होते. मला अजून कितीतरी दिसत होते. मी ते दाखवलेही. ती चालू लागली होती.

रात्रभर पाटी खाडीच्या पाण्यात दगडाला बांधून ठेवली, म्हणजे रेव टाकतात. दुसऱ्या दिवशी काकीने निम्म्या शिनाण्यांचे पैसे माझ्याकडून मोजून घेतले आणि निम्म्यांचे घेतले नाहीत. "ते तुझ्या आवशीक." मग ओल्या गोणपाटात बांधून देताना म्हणाली, "आणि मीठ घालू नुको सांग हां. दर्यो तेंच्या पोटातच असता."

सावंतवाडीहून रात्रीची गाडी. गोणपाट बाकाखाली ठेवले. समोरच्या गृहस्थांनी रत्नागिरीपर्यंत वास सोसला आणि मग विचारले, "आपण काही... समुद्रातले आणले आहे काय?" मी सारी हकीकत सांगितली. ते सोलापूरचे शाकाहारी सज्जन. पहाटे मी गोणपाट उघडून बसलो तेव्हा तेच माझ्यासाठी विजेरी धरून होते. उघडा दिसला शिनाणा की त्याच्यावर टिचकी मारायची. मिटला तर जिवंत, नाही मिटला तर टाकून द्यायचा. "हा मिटला! मिटला!" असे ते इतक्या आनंदाने म्हणाले, की वरच्या बाकावरचे मूल जागे झाले. एकंदर अकरा गेले.

घरी आल्यावर आईने अंथरुणातून हाक मारली, "हंय आण." तिला बसते केले. तिने एक उचलला, नाकाशी नेला आणि विळी मागितली. चूड घेऊन काथ्याने एकेकाची पाठ घासली, झुबका ओढून काढला. हात कापत होते, पण चुकत नव्हते. अर्धे झाल्यावर थांबून तिने पाटीत पाहिले.

"बारके सोडलंस मां?"

"सोडले."

उकळत्या वाफेवर शिनाणे एकेक उघडले. काही आत पांढरट, ते नर. काही नारिंगी, त्या माद्या. जे उघडले नाहीत ते टाकले. खोबरे, भाजलेला कांदा, लाल मिरची, दोन आमसुले. मी अंघोळीला गेलो होतो. रात्रभराच्या जागरणात काकीचा तो शेवटचा निरोप माझ्या डोक्यातून साफ गेला होता, आणि सौभाग्यवतींनी सवयीने हात सैल सोडला होता.

आईने पहिला शिनाणा खाल्ला. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे पाहत उभे. तिने दुसरा खाल्ला.

"मीठ जास्त झाला," ती म्हणाली, आणि ताट पुढे करून आणखी भात मागितला.