वाळवंटातली रात्र आणि एक छोटा डबा

ना हॉटेल, ना चेक-आऊटची घाई! जानेवारीत अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं क्वार्टझ्साईट गाठा. नजर पोचेल तिथवर घरंच घरं, आणि सगळ्यांना चाकं. एरवी जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे गाव. पण हिवाळ्यात उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली मंडळी आरव्ही घेऊन इथल्या सरकारी माळरानावर मुक्काम ठोकतात. लॉस एंजेलिसहून हायवेने साधारण चार तास. तिकडे नोकरीला असलेल्या मित्राकडे जाणार असाल, तर लाँग वीकएण्डला एकदम हटके बेत.

टेन्शन एकच. माळावर प्लग पॉइंट नसतो. सूर्य बुडाला की दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, सगळं बॅटरीवर. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, म्हणजे जनरेटरची घरघर बंद. सकाळी तो सुरू केला की बॅटरी किती लवकर भरेल, हे ठरवतो कन्व्हर्टर.

आपल्या घरच्या इन्व्हर्टरच्या उलट काम करणारा हा डबा. १२० व्होल्टचा एसी घेऊन १२ व्होल्टचा डीसी देतो, बॅटरीही चार्ज करतो. हल्ली अनेकजण जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून हलकी लिथियम बसवतात. डबा मात्र जुनाच! लिथियम पूर्ण भरायला १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात. बरेच जुने कन्व्हर्टर १३.६ च्या आसपासच रेंगाळतात. मग महागडी बॅटरी भरते, पण रडतखडत.

मग घ्यायचा कुठला? फक्त लिथियमसाठीचा, १४.६ ला ठाम राहणारा कन्व्हर्टर झटपट काम उरकतो. पण गाडी महिनोन्‌महिने प्लगला लावून ठेवणाऱ्यांनी तो टाळावा. स्विचवाल्यात बॅटरीचा प्रकार तुम्हीच निवडायचा. ऑटो-डिटेक्टवाला स्वतः ओळखतो, पण ओळख चुकली तर पुन्हा तीच रडकथा. मीटर लावून खात्री केलेली बरी.

आणि ॲम्पिअर? ६० चा कन्व्हर्टर १०० ॲम्पिअर-तासांची रिकामी लिथियम पावणेदोन तासांत भरतो, पण जनरेटरकडून हजारेक वॉट ओढतो. जनरेटर त्याहून लहान असेल तर मोठा डबा घेऊन उपयोग शून्य.

आरव्ही भाड्याने घेताना ‘बॅटरी केवढी?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कन्व्हर्टर लिथियमचाच ना?’ हेही विचारा. वाळवंटातली सकाळ घरघर ऐकण्यात घालवायची की कॉफी पीत डोंगर बघण्यात, हे या एका प्रश्नावर ठरतं.