कर्जतचा थांबा

रेल्वेचं मॉडेल बघायला आलेला माणूस आधी इंजिनाकडे वळतो. मी रुळांकडे बघतो. विकतचा रूळ सगळ्या बाजूंनी चकचकीत असतो. खऱ्या रुळाची फक्त चाकाखालची पट्टी चमकते, कडा गंजून तपकिरी झालेल्या असतात. बोरघाटाच्या उतारावर तर ब्रेक सतत लागलेले, त्यांची लोखंडी भुकटी खडीवर बसत राहते. म्हणून या घाटाच्या माझ्या मांडणीत उतरणीची खडी चढणीच्या खडीपेक्षा गडद आहे. कॅच साइडिंगचा रूळ मात्र मी वरूनही गंजका ठेवलाय. ब्रेक निकामी झालेली गाडी अडवायला ती चढावर नेलेली असते. तिच्यावर चाक क्वचितच फिरतं.

कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. ८७ पट लहान केलं तरी तीनशे मीटरांच्या वर जातं, तेव्हा काटछाट अटळ. आपली १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या थोडी वर जाते आणि बाजारात मिळतो १६.५ चा रूळ. ती तडजोड मी पत्करली. चढ मात्र खराच हवा होता : ३७ ला १, म्हणजे मीटरमागे २७ मिलिमीटर. इंजिनाला तो जाणवतो आणि बघणाऱ्यालाही.

आवाजाच्या बाबतीत बहुतेकांचा हात सैल असतो. डिकोडर, म्हणजे इंजिनातली वेग आणि आवाज सांभाळणारी चिप, हवा तेवढा मोठा हॉर्न देतो. पण चार हातांवरून दिसणारी ही गाडी खऱ्या अंतरात तीनेकशे पावलांवर असते. तेवढ्या लांबून येईल तेवढाच आवाज मी ठेवतो.

सगळ्यात जीव ओतलाय तो कर्जतच्या थांब्यात. पुण्याकडे निघालेल्या गाडीला इथं मागून बँकर, म्हणजे चढावर रेटणारी इंजिनं, लागतात. बँकर रांगत येतो, शेवटच्या डब्यापासून बोटभर अंतरावर थांबतो, मग पुढे सरून टेकतो. डबा हलता कामा नये. त्यासाठी डिकोडरमध्ये वेग घेण्याचा आणि सोडण्याचा काळ वाढवावा लागतो, पुढच्या-मागच्या इंजिनांचा वेग प्रत्येक टप्प्यावर जुळवावा लागतो. मागचं इंजिन जरा जास्त रेटू लागलं की वळणावर हलके डबे बाहेरच्या अंगाला उडतात. डब्यांच्या तळाशी म्हणूनच शिशाच्या पट्ट्या आहेत. वर पोचल्यावर बँकर सुटतात आणि नुसतेच खाली येतात. पाहुण्यांना ही रिकामी फेरी कंटाळवाणी वाटते, मी ती गाळत नाही. ते परतल्याशिवाय कर्जतला उभी असलेली पुढची गाडी घाट चढणार कशी?