फाल्यां करतां

२०१२ च्या सप्टेंबरात सरकारने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मी तेव्हा डिचोलीच्या शाखेत, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, त्यामुळे वसुलीला घरोघरी फिरणं आलं. एका घरात बँकेची तीन पाकिटं देव्हाऱ्यामागे ठेवलेली, एकही फोडलेलं नाही. माणूस सज्जन, खाणी चालू असताना एक हप्ता चुकवला नव्हता. "साहेब, फाल्यां येतां बँकेत," म्हणाला. बुडवायचं मनात नव्हतं हो, आतला आकडा बघवत नव्हता. व्याज मात्र चालूच.

हल्ली हेच "फाल्यां" आमच्या पेडण्याच्या घरात ऐकतोय. नात एम.कॉम.ला. डेझर्टेशन द्यायला तीन आठवडे, नाही दिलं तर वर्ष गेलं. विचारलं की, "आजो, फाल्यां करतां." आणि पहाटे पाचला उठून कपाट आवरते, शेजारच्या पोरांचं गणित घेते! सुनेच्या मते आळस. आळशी माणूस पाचला उठतो का?

थोडं वाचून काढलं. सोलोमन आणि रॉथब्लम यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना चालढकलीची कारणं विचारली. दोन ठळक निघाली: काम नकोसं वाटणं आणि कमी पडण्याची धास्ती. कॅनडाचे पिचिल म्हणतात, हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नव्हे, नकोशा भावनेपासून पळण्याचा आहे. मला पटलं. आमची पहिलीपासून वर्गात पहिली. न लिहिलेल्या डेझर्टेशनला कोणी वाईट म्हणू शकत नाही, दिलेल्याला म्हणू शकतात.

मुलगा ओरडला, "फी भरलीय आम्ही!" त्या रात्री तिने लॅपटॉप उघडलाच नाही. (आमच्या वेळी वडील ओरडले की आम्ही बसायचो, असं सगळे सांगतात. बसायचो खरे, पण पुस्तकात कादंबरी घालून.)

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाय, लिहू नकोस. नुसती फाईल उघड. मी इथे पेपर वाचत बसतो, तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही." तासाभराने हळूच म्हणाली, गाईडचा मेल अकरा दिवसांपूर्वी आलाय, उघडलेला नाही. तिच्याने उघडवेना. मी चष्मा लावून मोठ्याने वाचला. दोनच ओळी होत्या. तक्ते चांगले झालेत, निष्कर्षाचा कच्चा मसुदा पाठव, कच्चाच चालेल.

ती रडली, मग जेवली, मग बसली.

काल चौथं प्रकरण गेलं. पाचव्याचं विचारलं तर पुन्हा "फाल्यां". तारीख २८ आहे. आज संध्याकाळी पेपर घेऊन परत तिच्या खोलीत बसणार आहे.