आपद्धर्म आणि आपण

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. लोक त्या शब्दाचा अर्थ बहुधा सोयीपुरता घेतात : संकटसमयी नियम मोडण्याची मुभा. परंतु एरवी ज्याचे आपण ऐकले नसते अशा माणसाचे आपत्काळी निमूटपणे ऐकणे, हाही आपद्धर्मच होय. आणि आम्हां वडीलधाऱ्यांस तोच सर्वांत जड जातो.

सांगलीच्या गावभागात ज्यांचा जन्म गेला त्यांस कृष्णामाईचा पूर नवा नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर गेले की धोका, हे आमच्याकडे पोरेसोरेही जाणतात. २००५ साली पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले होते. तेव्हापासून ती खूण घराघरांच्या स्मरणात पक्की बसली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्या खुणेनेच घात केला. घरे सोडा, अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून फिरू लागली, तेव्हा आमच्या आळीतील एक वृद्ध गृहस्थ निक्षून म्हणाले, "२००५ ला पाणी जोत्याच्या तिसऱ्या पायरीशी थांबले. यंदा फार तर चौथी पायरी. कोणी उंबरठा ओलांडायचा नाही." घरात अकरा माणसे. मुलगे मिळवते, सुना शिकलेल्या. तथापि बाबांच्या शब्दापुढे बोलणार कोण? त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले.

मी तोवर सहकुटुंब विश्रामबागेत मुलीकडे गेलो होतो, म्हणून पुढील हकीकत त्या घरच्या धाकट्या सूनबाईंच्या तोंडची आहे. तिसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची रबरी बोट त्यांच्या माडीखाली आली. एक जवान गळाभर पाण्यात उतरून बोट धरून उभा राहिला. त्या गढूळ पाण्याखाली कोठे उघडे गटार, कोठे फाटकाचे भाले, कोठे तुटलेली तार, काही दिसत नव्हते. गल्ली आमची, ठाऊक आम्हांला, आणि पाण्यात उभा परमुलखातला मुलगा! आजीबाई म्हणाल्या, "आधी देव." दुसऱ्या जवानाने वाद घातला नाही, देवांची पेटी डोक्यावर घेऊन खाली नेली, मग आजीबाईंना. राहिले बाबा. "मी घर राखतो, तुम्ही जा," हे त्यांचे पालुपद. तेव्हा तो जवान हिंदीत शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी उद्या आम्हांला पुन्हा यावे लागेल. तेवढा वेळ दुसऱ्या कोणाचा तरी जाईल."

बाबा उतरले.

बोटीच्या एका फेरीचे मोल काय असते, ते त्याच आठवड्यात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायकामुलांसह अनेक जीव गेले. नाव दलाची नव्हती, गावचीच होती, आणि तीत क्षमतेहून अधिक माणसे होती. ज्यांना बाहेर पडायचे होते त्यांस पुरेशा नावा मिळाल्या नाहीत, आणि इकडे आम्ही माडीवर बसून दाराशी आलेल्या बोटीशी वाद घालत होतो.

अधिकाऱ्यांचे सर्वच बरोबर असते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडले, नावा वेळेवर का पोहोचल्या नाहीत, हे प्रश्न पूर ओसरल्यावर विचारले गेले; शासनाला समिती नेमावी लागली. ते योग्यच झाले. मात्र असा जाब कोरड्या जमिनीवरून विचारावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये आपत्तीतील आदेश विनाकारण न मानणारास शिक्षेची तरतूद आहे. परंतु आजोबांस कायदा दाखवून बोटीत बसविणारा अंमलदार मला तरी आढळला नाही. ते बिचारे हात जोडतात.

त्या वर्षी राखीपौर्णिमा १५ ऑगस्टलाच आली होती. बायकांनी जवानांस राख्या बांधल्या, आणि डोळ्यांत पाणी न आलेला माणूस विरळा. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांवर गेले, तेव्हा ते अकरा जणांचे घर इशाऱ्याबरोबर रिकामे झाले होते. जवानांस तिकडे फिरकावेच लागले नाही. माझ्या मते ही राखी अधिक मोलाची.

राख्यांच्या त्या दिवसांत आणखी एक वर्ग येथे राबत होता. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल, कुजलेले धान्य, रस्त्यात मेलेली जनावरे; नाकाला पदर लावल्याविना बाहेर पडवेना. बाहेरगावच्या महानगरपालिकांचे सफाई कामगार येऊन हे सारे उपसत होते. त्यांच्या हाती कोणी राखी बांधलेली मी पाहिली नाही. आमच्या आळीत तर काही ओट्यांवरून त्यांस केवळ हुकूम सुटत होते : हे उचला, ते राहिले. धाकट्या सूनबाईंनी मात्र सकाळ-संध्याकाळ मोठे पातेले चढवून त्यांस चहा दिला, घरच्याच कपांतून. आजीबाई प्रथम दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी साखर कमी पडली, तेव्हा आपल्या फळीवरचा डबा त्यांनीच काढून दिला.