अर्घ्याचे फूल

मेघदूताच्या एका नव्या मराठी आवृत्तीचे मुखपृष्ठ काढण्याचे काम मी पत्करले, तेव्हा हात प्रथम कमळाकडेच वळला. कारण संस्कृत काव्य म्हटले की वेष्टनावर कमळ, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. परंतु ज्येष्ठाच्या अखेरीस जबलपुराहून कुंडमला, हिरण नदीच्या उगमाकडे गेलो असता, वाटेतल्या खडकाळ उतारावर पांढरा कुडा ऐन बहरात उभा दिसला आणि मनातले कमळ मावळले.

मेघदूतातील यक्षाची हकिकत मुळात एका कसुरीची आहे. कुबेराच्या चाकरीत हयगय झाली, वर्षभराच्या हद्दपारीचा हुकूम सुटला, आणि रामगिरीवर, म्हणजे महामहोपाध्याय मिराशींच्या निर्णयानुसार आपल्या रामटेकवर, त्याने आठ महिने कंठले. आषाढारंभी मेघ दिसला तेव्हा प्रियेकडे निरोप नेण्याचा अर्ज करण्यापूर्वी नजराणा म्हणून पुढे ठेवावयास त्याच्यापाशी काय होते? तिकडे त्याच्या अलकानगरीतील स्त्रिया हाती लीलाकमळ, केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानी शिरीष आणि भांगात कदंब अशी सहा ऋतूंची फुले एकाच वेळी मिरवीत असता, याच्या वाट्याला डोंगरावरचा कुडा आला. आणि त्याने त्या ताज्या फुलांचेच अर्घ्य सिद्ध केले. कुंडमच्या तहसील कचेरीबाहेर अर्जाची घडी जपत बसलेली माणसे पाहिली, तेव्हा त्या अर्घ्यातील दैन्य आणि दैन्याहूनही थोर असे त्यातले सौजन्य मला एकदम उमगले.

अमरकोश कुड्याला गिरिमल्लिका म्हणतो. या मुलखात तो कोरैया. मराठी घरांत मात्र त्याची ओळख इंद्रजवाच्या कडू बियांपुरती उरली आहे. फूल म्हणून त्याला कोणी मोजीत नाही, हा मला अन्यायच वाटतो. पिळलेल्या वातीसारखी त्याची कळी, उमलल्यावर बारीक नळीच्या टोकाशी पसरणाऱ्या पाच पाकळ्या, आणि डहाळी मोडताच बोटांना चिकटणारा दुधासारखा चीक, हे सारे मी तेथेच दगडावर बसून रेखाटले.

आता मुखपृष्ठावर तळाशी ती एकच डहाळी आहे आणि वर पुष्कळ मोकळे आकाश. अलकेची सहा फुले मलपृष्ठावर, सबंध काव्य ओलांडून जाणाऱ्यालाच भेटतील. त्या दिवशी चिकाचा एक थेंब कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पडून डाग उमटला होता. तो मी खोडला नाही. मेघाची पहिली रेषा तेथूनच काढली.