नाडी, वही आणि आईची मळमळ



या पत्रिकेत आम्ही एरवी निकाल, स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातील स्पर्धा यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. पालकसभेच्या निमित्ताने बोलताना लक्षात आले की आपल्या शाळेतील बऱ्याच मुलामुलींकडे घरी एक काम ठरलेले असते, ते म्हणजे आजी-आजोबांना वेळेवर गोळ्या देणे. आई-वडील नोकरीवर, दुकानावर; शाळा सुटून घरी आलेले मूल गोळी काढते, पाणी देते आणि खेळायला पळते. काम छोटे दिसते. रुग्णालयात मात्र हेच काम करण्यासाठी परिचारिकांना काही वर्षे शिकावे लागते, त्यांचा औषधशास्त्र हा स्वतंत्र विषय असतो. त्यातले थोडेसे आमच्या घरात आम्ही एका सिस्टरांकडून शिकलो, ते इथे मांडत आहोत.

आम्ही म्हणजे घरातले तिघे: आम्ही दोघे आणि तेव्हा अकरावीत असलेली आमची मुलगी. चौथी आई, वय आज ८१. २०२१ च्या नोव्हेंबरात आईला धाप लागू लागली. दोन उशांवर झोपणारी आई तीन उशा मागू लागली, संध्याकाळी पाय सुजून चपलेचा पट्टा रुतू लागला. तपासणीत हृदयाची ताकद कमी झाली आहे आणि ठोकेही अनियमित आहेत असे निघाले. सहा दिवसांनी घरी पाठवताना हातात कागद मिळाला, त्यावर सात औषधे इंग्रजीत लिहिलेली. डॉक्टरांनी ती हिंदीत समजावली. आईचा जन्म इंदूरचाच, बाजारातले हिंदी तिला उत्तम येते. पण दुखणे ती मराठीतच सांगते. या तीन भाषांचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

वॉर्डातल्या सिस्टर मूळच्या केरळच्या, त्यांची हिंदी स्वच्छ. ड्यूटी संपल्यावर अर्धा तास थांबून त्यांनी आम्हाला बसवले आणि वही काढायला लावली. म्हणाल्या, "गोली देना आधा काम है, गोली देने के बाद देखना बाकी आधा." देण्याआधी पाच गोष्टी पाहायच्या: रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, वेळ तीच, आणि द्यायची रीत तीच, म्हणजे गिळायची की जिभेखाली ठेवायची. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून हे घोटून घेतात. घरात पहिली गोष्ट कोणी पाहत नाही, कारण रुग्ण एकच. पण ज्या घरात आजी आणि आजोबा दोघांच्याही पट्ट्या एकाच डब्यात आहेत तिथे पहिल्या गोष्टीपासूनच सुरुवात करावी लागते.

त्या सातांपैकी दोन औषधांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली, आई जिला 'पाण्याची गोळी' म्हणते ती, फ्युरोसेमाइड. शरीरात साठलेले पाणी ती लघवीवाटे काढते, त्यामुळे सूज उतरते, धाप कमी होते. ही सकाळी द्यायची. रात्री दिली तर वृद्ध माणूस अंधारात तीन-चारदा उठते आणि पडते. तिचा परिणाम मोजायचे साधन म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत वजन करायचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढले तर ते खाण्याने वाढलेले नसते, पाणी साठत असते, आणि डॉक्टरांना फोन करायचा असतो. पायावरची सूज डोळ्याला दिसण्याआधी काटा सांगतो.

आईची अडचण वेगळीच होती. हळदीकुंकवाला किंवा देवळात जायचे असले की ती ही गोळी लपवून ठेवी. दुसऱ्याच्या घरी चार वेळा उठावे लागते याची लाज. फोनवर सिस्टरांना सांगितले तर त्या हसल्या, रागावल्या नाहीत. डॉक्टरांना विचारून घ्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितले, बाहेर जायच्या दिवशी परत आल्यावर द्या, पण चुकवू नका. इतके सोपे उत्तर होते. रुग्ण औषध का टाळतो हे त्याला न रागावता विचारले तर पुष्कळदा असेच काहीतरी निघते.

आणि मीठ! इंदूरच्या माणसाला मीठ कमी करा म्हणणे म्हणजे पोह्यांवर शेव घालू नका म्हणणे. घरात लोणचे, पापड, सांडगे, वरून जिरावन. आईने भाजीतले मीठ निमूटपणे कमी केले, पण शेवेचा डबा तिच्या आवाक्याबाहेर ठेवायला दोन महिने लागले. शेजारच्या काकूंनी प्रेमाने 'कमी सोडियमचे' मीठ आणून दिले. त्याचा पुडा मुलीने वाचला, त्यात पोटॅशियम होते. आईच्या सातांपैकी एक गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी असल्याने डॉक्टरांनी ते मीठ नको म्हणून सांगितले. काकूंचीच दुसरी भेट, गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकची गोळी, तीही आम्ही परत केली. अशा वेदनाशामकांमुळे शरीरात पाणी अडते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. हृदय कमजोर असलेल्याला ती आपल्या मनाने देऊ नये. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी आपल्या डब्यात घ्यायची नाही, हा नियम घरात तेव्हापासून झाला. काकू थोड्या रुसल्या.

दुसरे औषध डिगॉक्सिन. हृदयाचे ठोके आवरते आणि त्याचे आकुंचन थोडे जोरकस करते. फॉक्सग्लव्ह नावाच्या युरोपातील फुलझाडापासून हे आले. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ साली त्या झाडावर पुस्तक लिहिले, आणि मात्रा जास्त झाल्यास मळमळ, उलटी, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणे, नाडी मंद होणे ही लक्षणे त्यातच नोंदवली. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही लक्षणे तीच आहेत. या औषधात उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडे. आईला सोमवार ते शुक्रवार अर्धी गोळी, शनिवार-रविवार सुट्टी, असे डॉक्टरांनी ठरवून दिले होते. आई म्हणे, "माझ्या गोळीलाही तुमच्या शाळेसारखी सुट्टी!" कारण साधे आहे, हे औषध शरीरातून सावकाश बाहेर पडते, तेही मुख्यतः मूत्रपिंडातून, आणि म्हातारपणी मूत्रपिंडे हळू काम करतात.

ही गोळी देण्याआधी नाडी मोजायची. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, आपली दोन बोटे ठेवून. आपला अंगठा ठेवायचा नाही, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा शॉर्टकट इथे चालत नाही. ठोके अनियमित असतात, म्हणून पूर्ण मिनिट मोजायचे. ६० च्या खाली असेल तर त्या दिवशीची गोळी थांबवून आधी डॉक्टरांना विचारायचे. हे काम मुलीने घेतले. वहीत रोज एक ओळ: तारीख, वजन, नाडी, रक्तचाप, आणि शेवटच्या रकान्यात आजी काय म्हणाली ते, आजीच्याच शब्दांत. (मराठीत रक्तदाब म्हणतात हे आम्हाला माहीत आहे, पण आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, हात अजून 'रक्तचाप'च लिहितो.)

२०२३ चा मे महिना. शनिवारी आईला जुलाब झाले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितले त्याप्रमाणे जीवनरक्षक घोल थोडा थोडा दिला, रविवारी जुलाब थांबले. पण जेवण जाईना. वहीत मुलीने लिहिले, "आजी म्हणते, मळमळतंय, अन्नाचा वास नको." सोमवारी सकाळी नाडी मोजली, ४८. तिने पुन्हा पूर्ण मिनिट मोजली, पुन्हा ४८. गोळी डब्यातच राहिली आणि आम्ही आईला घेऊन निघालो.

आमचे नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी गावात नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते, शांत आणि सभ्य. आई त्यांना तीनदा म्हणाली, "मळमळतंय हो." त्यांनी 'मल' एवढेच ऐकले. जुलाबाचे आम्ही सांगितलेच होते. ते विचारू लागले, "माँजी, मल कैसा है? पतला है?" आणि पोटाच्या औषधाची चिठ्ठी लिहू लागले. दोष कोणाचा म्हणावा? ते हिंदीत ऐकत होते, आई मराठीत बोलत होती, आणि दोन्ही शब्द एकाच आजारात शोभणारे. मुलगी पुढे होऊन म्हणाली, "सर, आजी को जी मिचला रहा है. और ये डिगॉक्सिन लेती हैं, आज नब्ज़ अड़तालीस है." आणि वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. त्यांचा हात चिठ्ठीवर थांबला. लगेच ईसीजी काढला, रक्त तपासायला दिले. पोटॅशियम उतरलेले, क्रिएटिनिन वाढलेले. जुलाबात पाणी आणि क्षार गेले, मूत्रपिंडे मंदावली, औषध आत साठत गेले, आणि पोटॅशियम कमी असले की तेच औषध जास्त विषारी होते. दोन रात्री आईला मॉनिटरवर ठेवले. नंतर ती गोळी कायमची बंद झाली. जाताना त्या तरुण डॉक्टरांनी वहीच्या दोन पानांचा फोटो मागून घेतला.

यानंतर आम्ही सिस्टरांना शाळेत बोलावले. त्यांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांशी तासभर गप्पा मारल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या परिचर्येवरील १८५९ सालच्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक अख्खे प्रकरण आहे, हे त्यांनी सांगितले. मग सर्व मुलांनी एकमेकांच्या नाड्या मोजल्या. मैदानावर एक फेरी पळून पुन्हा मोजल्या. बरीच गडबड झाली, पण शिकणेही झाले. एका मुलाने विचारले, आजोबांच्या इन्सुलिनची सुई संपली तर मेडिकलमधून कोणतीही चालते का? सिस्टर एकदम गंभीर झाल्या. आपल्याकडे इन्सुलिनची शीशी बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट कमी किंवा अडीचपट जास्त होते. जास्त झाली तर साखर उतरते: घाम, थरथर, गोंधळ. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यायचे. त्या मुलाने घरी जाऊन टोपण पाहिले. लालच होते.

विश्वस्त मंडळींनी या निमित्ताने शाळेसाठी वजनकाटा आणि रक्तचाप मोजण्याचे यंत्र दिले, त्यांचे आभार. पालकांना एकच विनंती: पाल्याबरोबर शाळेत औषध पाठवताना सुटी गोळी कागदात गुंडाळून पाठवू नका. मूळ पट्टीसह, नाव, मात्रा, वेळ लिहून आणि सही करून पाठवा. त्याशिवाय आमचे शिक्षक औषध देणार नाहीत.

आणि मुलांसाठी एक काम आहे. आजी-आजोबा दुखण्याला जे मराठी शब्द वापरतात ते गोळा करा, समोर त्यांचा हिंदी अर्थ लिहा. सहावीच्या वर्गाने सुरुवात केली आहे. पोटात 'कळ' येते, हे हिंदीत 'कल' ऐकू येते आणि डॉक्टर विचारतात, कल क्या हुआ? पाठीत 'चमक' भरते, तर हिंदीत चमक म्हणजे झळाळी. पायात 'गोळे' येतात. पाण्याच्या गोळीने क्षार उतरले की असे गोळे येऊ शकतात, म्हणून हा शब्द डॉक्टरांपर्यंत नीट पोचायला हवा, 'ऐंठन' म्हणून. धाप म्हणजे साँस फूलना. उसण, ठणका, हुरहुर, गरगरणे, मुंग्या येणे, असे ३४ शब्द झाले आहेत. एका मुलीने 'अंग आंबून गेलंय' आणले आहे. त्याला हिंदीत नेमके काय म्हणावे यावर शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस चर्चा चालू आहे. कोणाला सुचले तर कार्यालयात लिहून द्यावे.